साहेबांच्या वतीने

दुसऱ्याचे मेल वाचायचे, त्यांना उत्तरं द्यायची आणि उत्तराखाली त्या दुसऱ्याचंच नाव घालायचं, ही माझी नोकरी. व्हर्च्युअल असिस्टंट असं तिला म्हणतात. आई विचारते तेव्हा मी 'ऑफिसचं काम' एवढंच सांगते. खरं सांगायला गेले तर तिला ती लबाडी वाटेल, आणि तिला समजावता समजावता मलाही तसंच वाटायला लागेल.

माझा साहेब म्हणजे हितेंद्र. आडनाव राहू दे. गिरगावात वाढलेला, आता कंपन्यांना सल्ले देणारा पन्नाशीचा माणूस. दादरच्या एका एजन्सीनं आमची गाठ घालून दिली, तीही स्क्रीनवरच. एजन्सीचा नियम असा की क्लायंटला आमचं आडनाव, पत्ता, फोन काही कळू द्यायचं नाही, आणि बोलणं फक्त चॅटवर. सुचित्रा हे नाव त्याला लांब वाटलं म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं त्याचं 'सू' केलं. लहान पोराला मोरीत उभं करून आपण जो आवाज काढतो, ते माझं नाव झालं. आजही तो 'हाय सू' लिहितो तेव्हा मला शिसारी येते.

इनबॉक्सचा ताबा देताना त्यानं एकच सूचना दिली. इमारतीला खरोखर आग लागली तरच मला सांग, बाकी सगळं तू बघ. मी विचारात पडले की सल्लागाराच्या इनबॉक्सात इमारत कुठून आली. मेल उघडले आणि कळलं. साहेब एका टॉवरच्या सोसायटीचे चेअरमन होते. टॉवर करी रोडला, आणि त्याच्या मागच्या भिंतीला टेकून जी बुटकी, पिवळट इमारत आहे, तिच्या तेराव्या मजल्यावर बसून मी ते मेल वाचत होते.

आमची पूर्वीची चिंतामणी चाळ पाडून त्या जागेवर हे सगळं उभं राहिलं. पुढे विकायचा टॉवर, मागे आम्ही. टॉवरला समुद्र दिसतो, आम्हाला टॉवर दिसतो. तिथली माणसं आमच्याकडे वरून बघतात हे ठाऊक होतं, पण बघून काय बोलतात ते ठाऊक नव्हतं. ते आता रोज सकाळी चहाबरोबर कळायला लागलं. मागच्या बिल्डिंगमधले पुरुष गॅलरीत बनियनवर उभे राहतात. बायका दांडीवर काहीही वाळत घालतात. सुकटीच्या वासानं आमच्या पाहुण्यांना मळमळलं. एका बाईनं तर लिहिलं होतं की ह्या लोकांच्या हसण्याचा आवाज फार मोठा आहे, काही करता येईल का.

ह्या सगळ्यांना मी साहेबांच्या वतीने गोडगोड उत्तरं देत होते. आपली गैरसोय समजली, दिलगीर आहोत, योग्य ती पावलं उचलू. माझं इंग्रजी चांगलं आहे. त्यासाठी आईनं लोकांचे ब्लाउज शिवले आणि बाबांनी गिरणी बंद पडल्यावर माझगावला गोदीच्या बाहेर वॉचमनकी केली. त्या इंग्रजीत मी त्यांच्याच बनियनबद्दल दिलगिरी व्यक्त करत होते.

मे महिन्यात एक दिवस 'अर्जंट' म्हणून मेल आला. मागच्या इमारतीच्या गच्चीवर काहीतरी विषारी जाळताहेत, धूर येतोय, मुलांना श्वास घेता येत नाही, ताबडतोब अग्निशमन दलाला बोलवा. साहेबांना सांगण्याजोगी आग शेवटी लागली म्हणायची. मेल पूर्ण वाचण्याआधीच मला सटासट शिंका आल्या, कारण गच्चीवर माझीच आई शेजारच्या बकुळामावशीला घेऊन मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. मी नाकाला ओढणी लावली आणि 'नियमित देखभालीचं काम, तासाभरात संपेल' असं उत्तर टाकलं. तेव्हा मी हसले होते. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

दिवाळीनंतर टॉवरवाल्यांची नजर दरवाज्यावर गेली. आमच्या आवाराच्या भिंतीत एक लोखंडी दरवाजा आहे. त्यातून टॉवरच्या कडेकडेनं चालत गेलं की समोर स्टेशनची गल्ली. चाळ होती तेव्हाही हीच वाट होती, आणि करारात ती आमची म्हणून लिहिलेली आहे. दरवाजा नसेल तर पुलाखालून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. तिथे फुटपाथ नाही, खड्डे आहेत आणि सिमेंटचे मिक्सर अंगाला घासून जातात. मला तो वळसा जमतो. बाबांना नाही. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलाय, काठीशिवाय चालता येत नाही. दरवाज्यातून हळूहळू गेले की गल्लीच्या तोंडाशी गिरणीतल्या सोबत्यांचा कट्टा. धोंडूकाका, गंगाधर मास्तर, आणखी दोघेतिघे. सकाळचा चहा, पेपर, एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी. बाबांचं सगळं आयुष्य आता तेवढंच उरलंय, आणि ते त्या दरवाज्याच्या पलीकडे आहे.

टॉवरच्या मेलांत मात्र लिहिलं होतं, सुरक्षेच्या दृष्टीनं अनोळखी माणसांची ये-जा थांबवावी. अनोळखी! ज्यांच्या चाळीवर ह्यांचे स्विमिंग पूल बांधले ती माणसं अनोळखी. साहेबांनी हे मेल वाचले नाहीत, मी सारांश करून दिला तो वाचला, आणि चॅटवर लिहिलं, सू, छानशी नोटीस कर, देखभालीसाठी दरवाजा बंद, तारीख घालू नको.

मी ती केली. नाही म्हणता आलं असतं, पण मग दुसऱ्या कुणीतरी केली असती आणि मी घरी बसले असते. असं स्वतःला समजावत मी सर्व संबंधितांच्या हिताचा विचार करून वगैरे लिहिलं. पाठवल्यावर मी मोरीत जाऊन हात धुतले. हे वाचायला नाटकी वाटेल, पण खरंच धुतले.

दुसऱ्या दिवशी दरवाज्याला साखळी लागली आणि शेजारी माझी नोटीस. बाबा खाली गेले आणि परत वर आले. ते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आहेत. नोटिशीचा कागद घेऊन माझ्याकडे आले, मला वाचायला लावला, अर्थ विचारला, आणि सगळं ऐकून म्हणाले की भाषा किती सभ्य आहे बघ, शिकलेला माणूस दिसतो, ह्याला नीट कळवलं तर तो ऐकेल. मग खुर्ची ओढून त्यांनी अर्ज सांगायला घेतला. गिरणीत युनियनचे अर्ज तेच लिहायचे. सविनय सादर करण्यात येते की, तरी आपण कृपाळू होऊन, आपला नम्र. इंग्रजीत लिही, म्हणाले, म्हणजे ते लोक वाचतील. मी इंग्रजीत लिहिलं आणि इमारतीच्या मेलवरून पाठवलं. मग उठून आतल्या खोलीत गेले, कामाचा दुसरा लॅपटॉप उघडला. माझाच मेल तिथे येऊन बसला होता.

साहेबांना विचारलं, काय करू. त्यांनी लिहिलं, पोच दे, तारीख देऊ नको, हे लोक दमतात. ही त्यांची कार्यपद्धती. मी पोच दिली. तुमचं पत्र मिळालं, समिती गांभीर्याने विचार करत आहे. बाबांनी त्याची प्रिंट काढून आणली आणि प्लास्टिकच्या फोल्डरात घातली. उत्तर आलं ह्याचाच त्यांना केवढा आनंद. म्हाडापासून महापालिकेपर्यंत जन्मभर अर्ज केलेल्या माणसाला एवढ्या लवकर कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी देत होते ना, भिंतीपलीकडून.

असं महिनाभर चाललं. बाबा सांगायचे, मी लिहायचे, मीच वाचायचे, मीच टोलवायचे. त्यांची बाजू मी जितकी मन लावून मांडायचे तितकंच मन लावून साहेबांच्या वतीने ती गुळगुळीत करून परत करायचे. दोन्ही कामं उत्तम जमत होती, आणि ह्याचीच मला सगळ्यात जास्त किळस यायची. बाबा हळूहळू कमी बोलायला लागले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे. खिडकीतून टॉवरच्या गाड्या ठेवायच्या मजल्यांची भिंत दिसते, दुसरं काही नाही.

एका सकाळी ते कुणाला न सांगता वळशानं निघाले. परत आले तेव्हा पँट गुडघ्यावर फाटलेली आणि तळहात सोललेले. मिक्सर आला म्हणून बाजूला झाले आणि खड्ड्यात गेले. कुणा भाजीवाल्यानं उठवलं. आईनं हळद लावली, ओरडली, रडली. हाताला पट्टी बांधून झाल्यावर बाबा मला म्हणाले, लॅपटॉप घे. मला वाटलं आता ते शिव्या घालतील. मी वाट बघत होते. त्यांनी मागच्याच चालीत सांगितलं, सविनय सादर करण्यात येते की, आपल्या समितीचा विचार पूर्ण झाला असल्यास कळवावे. पडल्याचं लिहू का, मी विचारलं. नको म्हणाले. त्यांना वाटेल आपण दबाव आणतोय.

मी ते लिहिलं, पाठवलं, आतल्या खोलीत गेले आणि पोच दिली नाही. साहेबांच्या नावानं टॉवरच्या सिक्युरिटीला मेल लिहिला की दरवाजा आजपासून कायमचा उघडा राहील. सगळ्या रहिवाशांना दुसरा लिहिला, की वाटेचा हक्क करारात आहे, तो अडवणं बेकायदेशीर आहे आणि ह्या विषयावर पुन्हा चर्चा होणार नाही. तिसरा बाबांना. खाली हितेंद्रचं नाव. संध्याकाळच्या आत साखळी निघाली. इतकं सोपं होतं ते. त्या आवारात साहेबांचा शब्द चालायचा, आणि साहेबांचा शब्द मी लिहायचे.

हितेंद्रला कळलं ते लिफ्टमध्ये कुणीतरी भांडल्यावर. चॅटवर आला. दरवाजा कुणी उघडायला सांगितला? मी लिहिलं, करारातलं कलम वाचलं, मागचे लोक कोर्टात गेले असते तर तुमचं नाव आलं असतं, आणि बाकी सगळं तू बघ ही तुमचीच सूचना. नोकरी गेली असं मी धरून चालले होते. मग आलं, वॉर्डात लोक चांगलं बोलताहेत म्हणे. त्याला निवडणुकीचं तिकीट हवं होतं हे मला त्याच्या मेलांवरून माहीत होतंच. पुढच्या ओळीत लिहिलं, राहू दे मग, मीच उघडला.

राहू दे तर राहू दे. मला दरवाज्याशी मतलब. बाबा पुन्हा कट्ट्यावर जायला लागले, घरी येऊन गंगाधर मास्तरांच्या नकला करायला लागले. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे कुणाला सांगितलंही नसतं.

पण आमच्या लोकांना कुणी काही दिलं की सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. सव्वीस जानेवारीला इमारतीची सत्यनारायणाची महापूजा असते. मीटिंगमध्ये बाबांनीच ठराव मांडला, चेअरमनसाहेबांना बोलवायचं, शाल, श्रीफळ आणि मानपत्र द्यायचं. टाळ्या वाजल्या. मानपत्र कोण लिहिणार? लवूची, म्हणजे बाबांची, पोरगी, दुसरं कोण. खरं सांगितलं असतं तर हितेंद्र उघडा पडला असता, आणि त्या रागात साखळी पुन्हा लागली असती. तो दरवाजा उघडा होता तो फक्त त्याला फुकटचा मोठेपणा मिळत होता म्हणून. तेव्हा मी मानपत्रही लिहिलं. मुत्सद्दी, संवेदनशील, शेजारधर्म जपणारे. आई म्हणाली, किती मनापासून लिहिलंयस गो.

तो आला. कडक पांढरा कुर्ता, कपाळाला टिळा, दोन माणसं फोटो काढायला. प्रसादाचा शिरा त्यानं एक घास खाऊन द्रोण खुर्चीखाली सरकवला, ते मी बघितलं. माईक हातात आल्यावर म्हणाला, "मी प्रत्येक मेल स्वतः वाचतो. लवूजींची पत्रं तर मी दोनदोनदा वाचली." मंडपातल्या बायकांनी माना डोलावल्या. मी मानपत्राची फ्रेम धरून त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, आणि त्यानं माझ्याकडे बघून फ्रेम जरा वर धर अशी खूण केली, फोटोत नीट यावी म्हणून.

बाबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. श्रीफळ दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी काठी माझ्या हाताला टेकवली, टेबलाला धरलं आणि तो नासका गुडघा वाकवून खाली जायला लागले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस त्या माणसाच्या पाया पडायला निघाला होता. आणि हितेंद्र सरळ उभा. हात पुढे केला नाही, अहो काय करताय म्हटलं नाही, नुसता पाय जुळवून कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

फ्रेम खाली ठेवून मी बाबांना दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं.

"बाबा, वाकायचं नाही. दरवाजा आपलाच होता."

माईक चालू होता. धोंडूकाकांनी घाईघाईनं आरतीची घंटा वाजवली. हितेंद्र शाल सावरत हसला, मुलं हल्ली अशीच असतात असं काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. बाबांनी माझे हात झटकले. त्यांच्या तोंडावर जे होतं तो नुसता राग नव्हता. माझी लाज वाटत होती त्यांना.

ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवताना पाणी हवं असलं तर आईला सांगायचे. कट्ट्यावर लोकांनी विचारलं असणार, लवू, शिकवून हेच केलंस काय. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी आईला म्हणाले, तिला सांग लॅपटॉप घे, पत्र लिहायचंय, मराठीत. मी समोर बसले. ते भिंतीकडे बघून सांगू लागले. सविनय सादर करण्यात येते की, आमच्या पूजेच्या प्रसंगी माझ्या मुलीकडून आपला जो अवमान झाला, त्याबद्दल मी, एक बाप म्हणून, हात जोडून क्षमा मागतो. तिला वळण लावण्यात मी कमी पडलो. त्याचा राग आपण इमारतीवर काढू नये.

मी ते अक्षर न बदलता टाइप केलं आणि पाठवलं. मग आत गेले. ते तिथे आलेलं होतंच. हितेंद्रला दाखवायचा प्रश्न नव्हता, त्यानं वाचलं नसतं आणि दाखवलं असतं तर पोच दे म्हणाला असता. साहेबांच्या वतीने पुष्कळ खोटं लिहिलं होतं, आता एकदा खरं लिहायचं ठरवलं. मराठीतच लिहिलं, म्हणजे बाबांना माझ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

"लवूजी, क्षमा मागू नका. तुमची मुलगी बरोबर होती. वाट तुमचीच होती, ती उघडून मी उपकार केले नाहीत. आणि तुम्ही वाकत असताना मी तुम्हाला धरलं नाही, ही चूक माझी. अशी मुलगी ज्याला आहे, त्यानं कुणाच्या पाया पडू नये."

संध्याकाळी बाबांनी फोनवर ते उघडलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आईला हाक मारली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिला दोनदा वाचून दाखवली. मी दारात उभी होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस? चारचौघांत तू त्याचा अपमान केलास, आणि तो तुझीच बाजू घेतो. मोठ्या मनाचो माणूस आसा तो. दोन अक्षरां शिक गो तेच्याकडना."

"शिकते," मी म्हटलं.

मग काठी घेऊन ते दरवाज्यातून कट्ट्यावर गेले, साहेबांचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवायला.